जकातीचा हिसाब आणि गुंतवणुकीचा समतोल

आपल्या समाजातील व्यापारी असो वा कारागीर, वर्षातून एक दिवस तो आपल्या मालमत्तेचा हिसाब मांडतो. तो दिवस म्हणजे जकातीचा दिवस. दुकानात माल किती, येणे किती, देणे किती, तिजोरीत रोख किती, सोने किती तोळे, हे सारे त्या दिवशी कागदावर येते. मग अडीच टक्के काढले जातात, हक्कदारांना पोहोचवले जातात आणि तो कागद फाडून टाकला जातो किंवा वहीत विसरला जातो.

या लेखाचे सांगणे एवढेच आहे की तो कागद फाडू नका. ज्याला गुंतवणुकीच्या भाषेत पोर्टफोलिओचा फेरसमतोल म्हणतात, त्याचे निम्मे काम या कागदाने झालेले असते. उरलेले निम्मे काम अर्ध्या तासाचे आहे. ते न केल्यामुळे आयुष्यभराची कमाई एकाच टोपलीत साचत जाते आणि ती टोपली कधी पालथी होईल, हे माणसाला ठाऊक नसते.

फेरसमतोल म्हणजे काय?

समजा, आपण ठरवले की शंभर रुपयांपैकी चाळीस धंद्यात, तीस समभागांत, वीस सोन्यात आणि दहा रोख ठेवायचे. तीन वर्षांत सोन्याचा भाव दुप्पट झाला, धंदा जेमतेम चालला आणि रोख घरखर्चात गेली. आता आपण काहीही न करता आपले प्रमाण बदलले आहे. सोने फुगले, रोख आटली. वाढलेल्या हिश्श्यातून थोडे काढून घटलेल्या हिश्श्यात घालणे आणि ठरवलेल्या प्रमाणाजवळ परत येणे, याला फेरसमतोल म्हणतात. तराजूचे एक पारडे खाली गेले की किराणा दुकानदार जे करतो, तेच हे.

यात एक गुण आहे. जे महाग झाले ते थोडे विकले जाते आणि जे स्वस्त झाले ते थोडे घेतले जाते. बाजारात सर्वसाधारण माणूस नेमके उलटे करतो. भाव चढले की धावत घेतो, उतरले की घाबरून विकतो. १९९२ च्या एप्रिलमध्ये मुंबईचा निर्देशांक साडेचार हजारांजवळ पोहोचला तेव्हा ज्यांनी कधी समभागाचे तोंड पाहिले नव्हते, तेही घेत सुटले होते. वर्षभरात तो निम्म्याच्या आसपास आला. २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांना शिवलेला निर्देशांक ऑक्टोबरात नऊ हजारांच्या खाली गेला. २०२० च्या जानेवारीत बेचाळीस हजार आणि २३ मार्चला सव्वीस हजार. पुढच्या जानेवारीत त्याच निर्देशांकाने पन्नास हजारांना स्पर्श केला. या तिन्ही वेळी ज्याचे प्रमाण आधीच ठरलेले होते, त्याला बाजाराचा अंदाज बांधण्याची गरज नव्हती. चढावर थोडे विकणे आणि उतारावर थोडे घेणे त्याला नियमानेच भाग पडले असते.

सोन्याबाबतही हेच. आपल्याकडे सोने कधी उतरत नाही असा समज आहे. २०१२ साली दहा ग्रॅमला सुमारे एकतीस हजार असलेला भाव २०१५ साली सुमारे सव्वीस हजारांवर आला होता. पुढे २०२२ मध्ये बावन्न-त्रेपन्न हजारांच्या आसपास असलेला भाव २०२५ च्या एप्रिलमध्ये एक लाखाच्या पलीकडे गेला. चढ पाहिलेल्या माणसाला उतार आठवत नाही, म्हणून प्रमाण कागदावर लागते.

आपली अडचण वेगळी आहे

या विषयावरील इंग्रजी वा मराठी पुस्तकांत फेरसमतोल सांगताना दोनच पारडी धरलेली असतात. एका बाजूला समभाग, दुसऱ्या बाजूला मुदत ठेवी व रोखे. समभाग वाढले की थोडे विकून ठेवीत टाका, पडले की ठेवीतून काढून समभाग घ्या. ज्याला व्याज घ्यायचे नाही, त्याच्यासाठी दुसरे पारडेच नाही. त्यामुळे आपला वाचक हे पुस्तक मिटतो आणि म्हणतो, हे आपल्यासाठी नाही.

हा निष्कर्ष घाईचा आहे. स्थिर बाजू व्याजाशिवायही उभी करता येते, मात्र ती एका वस्तूची नसून तीन वस्तूंची असते. पहिली रोख, म्हणजे चालू खात्यातील वा घरातील शिल्लक. दुसरी सोने-चांदी. तिसरी भाड्याने दिलेली जागा. रोख घसरत नाही पण महागाईने झिजते. सोने झिजत नाही पण भाव हलतो. जागा भाडे देते पण हवी तेव्हा विकली जात नाही. तिघांचे दोष वेगवेगळ्या वेळी दिसतात, म्हणून तिघे मिळून आधार होतात. सरकारी सुवर्णरोख्यांवर वार्षिक अडीच टक्के व्याज मिळते, त्यामुळे ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी त्यात हात घालण्यापूर्वी आलिमांना विचारावे.

समभागांच्या बाजूला बँका, दारू, जुगार, व्याजी कर्जाने लादलेल्या कंपन्या वगळून चालणारे पर्याय आपल्या देशात आहेत. टाटा एथिकल फंड, टॉरस एथिकल फंड, निफ्टी ५० शरिया निर्देशांकावर चालणारा शरिया बीज ही त्यांची नावे. नाव घेतले म्हणजे शिफारस केली असे नव्हे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी की बँका वगळल्यामुळे अशा योजनांत संगणक, औषधे, ग्राहकोपयोगी वस्तू यांचा भार जास्त असतो. म्हणजे फंड हलाल असला तरी तो आपोआप समतोल असतोच असे नाही.

सर्वांत मोठी टोपली धंद्याचीच

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची खरी गुंतवणूक समभागांत नाही, सोन्यातही नाही. ती धंद्यात आहे. मालेगावच्या कारखानदाराचे पाहा. माग त्याचे, माग ज्या शेडमध्ये आहेत ती शेड त्याची, गोदामात सूत आणि ग्रे कापडाचे तागे त्याचे, येणे आहे ते कापड बाजारातच, मुलगाही त्याच गादीवर बसतो आणि मुलीचे सासरही त्याच धंद्यातले. कापडाला मंदी आली की या माणसाचे सारे एकाच वेळी खाली जाते.

मंदी दर वेळी सांगून येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट या काळात कितीदा थांबला, हे तिथल्या वाचकाला सांगायला नको. जुने साधे माग भंगाराच्या वजनाने गेलेले आपण पाहिले. त्याआधी १९८४ मध्ये भिवंडीत आणि १९९२-९३ मध्ये मुंबईत कित्येकांची आयुष्यभराची पुंजी एका रात्रीत जळाली, कारण ती सर्वच्या सर्व एका गल्लीत होती. दोष जाळणाऱ्यांचा होता यात शंका नाही, पण पुंजी एका गल्लीत ठेवायची की चार ठिकाणी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

म्हणून धंद्याच्या हिश्श्याला वरची मर्यादा हवी. चांगल्या हंगामाचा सगळा नफा पुन्हा मागांत घालण्याची आपली सवय आहे. तिला बरकत समजले जाते. सूरह यूसुफमध्ये सुकाळाच्या सात वर्षांचे धान्य दुष्काळाच्या सात वर्षांसाठी राखून ठेवण्याची तजवीज सांगितली आहे. सुकाळात सगळे पेरून टाका असे तिथे सांगितलेले नाही.

कधी करावे?

रोज भाव पाहणे हा फेरसमतोल नव्हे. वर्षातून एकदा पुरे, आणि तो दिवस जकातीचाच असावा. त्या दिवशी मालाची किंमत बाजारभावाने लावलेली असते, सोन्याचे वजन झालेले असते, येणे-देणे तपासलेले असते. शिवाय तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे भीती किंवा हाव तारीख बदलू शकत नाही. सहा महिन्यांनी एकदा नजर टाकावी, एवढेच.

त्या दिवशीही प्रत्येक वेळी खरेदी-विक्री करावी असे नाही. कोणताही हिस्सा ठरवलेल्या प्रमाणापेक्षा शंभरात पाच अंकांनी वर वा खाली गेला असेल तरच हात लावावा. वीस ठरले आणि तेवीस झाले, तर सोडून द्यावे. वीस ठरले आणि अठ्ठावीस झाले, तर हलवावे. लहानसहान फरकासाठी विक्री केली तर सोनाराची घट आणि सरकारचा कर यातच फायदा निघून जातो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी हिसाब, मग जकात, मग फेरसमतोल. जकातीच्या आदल्या आठवड्यात रोख काढून प्लॉट घेणे आणि नंतर हिसाब मांडणे हा व्यवहार समतोलाच्या नावाखाली करू नये. नीयत अल्लाहला ठाऊक असते.

चांद्रवर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने जकातीची तारीख दरवर्षी मागे सरकते, हेही ध्यानात घ्यावे. ज्यांची जकात रमजानमध्ये निघते त्यांच्यासाठी २०२५ मध्ये हा महिना मार्चमध्ये होता, २०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे आयकराचे वर्ष संपण्याच्या जवळपास. विक्री मोठी असेल तर अर्धी ३१ मार्चपूर्वी आणि अर्धी १ एप्रिलनंतर केल्यास दोन वर्षांच्या सवलतींचा लाभ मिळू शकतो.

कसे करावे? एक उदाहरण

समजा, एका व्यापाऱ्याकडे राहते घर, माग आणि यंत्रे सोडून चाळीस लाख आहेत. सोळा लाख माल आणि येणे, बारा लाख फंडात, आठ लाखांचे सोने, चार लाख रोख. म्हणजे ४०, ३०, २० आणि १० असे प्रमाण. तीन वर्षांनी त्याचा कागद असा दिसतो : माल आणि येणे अठरा लाख, फंड चौदा लाख, सोने सोळा लाख, रोख दोन लाख. एकूण पन्नास लाख. प्रमाण झाले ३६, २८, ३२ आणि ४.

माल चार अंकांनी कमी आहे, फंड दोन अंकांनी कमी आहे. दोन्ही मर्यादेत आहेत, हात लावू नये. सोने मात्र बारा अंकांनी जास्त आणि रोख सहा अंकांनी कमी आहे. हलवायचे ते एवढेच.

सोपेपणासाठी सर्व रक्कम जकातपात्र धरली तर जकात सव्वा लाख होते. ती रोखीतून काढली तर रोख आणखी आटेल. म्हणून ती फुगलेल्या हिश्श्यातून, म्हणजे सोन्यातून काढावी. चार लाखांचे सोने विकले. सव्वा लाख जकात गेली, पावणेदोन लाख रोखीत आले, एक लाख फंडात गेले. आता माल अठरा, फंड पंधरा, सोने बारा, रोख पावणेचार, एकूण पावणेएकोणपन्नास लाख. प्रमाण साधारण ३७, ३१, २५ आणि ८. कुठलाही हिस्सा पाच अंकांबाहेर नाही. काट्यावर काटा जुळवण्याची गरज नाही, पारडे मर्यादेत आले की थांबावे. कर आणि घट यांचा आकडा यात धरलेला नाही. तो ज्याचा त्याने धरावा.

विक्रीचा नंबर शेवटचा. आधी वर्षाची नवी बचत कमी असलेल्या हिश्श्यात टाकावी, दुकानाचे भाडेही तिकडेच वळवावे. त्यानंतर जकात व सदका जास्त असलेल्या हिश्श्यातून काढावा. एवढ्याने भागले नाही तरच विकावे. पुष्कळदा पहिल्या दोनच पायऱ्यांवर काम होते. कोणाचे व्याजी देणे अंगावर असेल, तर फुगलेल्या हिश्श्यातून निघणारी पहिली रक्कम त्या देण्यात जावी. त्याहून चांगला फेरसमतोल नाही.

सोने विकताना

सोन्याबाबत चार गोष्टी. पहिली, बायकोचे दागिने आणि मेहर ही तिची मालमत्ता आहे. ती नवऱ्याच्या कागदावर येऊ नये आणि तिच्या मर्जीशिवाय विकली जाऊ नये. तिचा कागद वेगळा, तिची जकात वेगळी. दुसरी, विकायचेच तर नाणी आणि बिस्किटे आधी. दागिन्यांवर घडणावळ आणि घट दोन्हीकडून जाते. तिसरी, जुने दागिने देऊन नवे घेताना सोन्याच्या बदल्यात सोने कमी-जास्त वजनाने घेणे शरियतीत मान्य नाही. आधी विकून पैसे हातात घ्यावेत आणि मग त्या पैशांनी रोखीने खरेदी करावी. चौथी, पावती प्रत्येक वेळी घ्यावी. करासाठी खरेदीची तारीख आणि किंमत लागतेच.

कराचे नियम जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात बदलले. सोने दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी विकले तर नफा उत्पन्नात धरला जातो. समभाग आणि समभागांचे फंड बारा महिन्यांनंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. बारा महिन्यांच्या आत विकल्यास वीस टक्के. काही फंड ठराविक मुदतीआधी पैसे काढल्यास आकार कापतात. तो आकडा आधी विचारून घ्यावा.

रोख आधी, फंड नंतर

पुस्तकी नियम सांगतो की समभाग पडले की रोखीतून काढून घ्या. व्यापाऱ्याने हा नियम जसाच्या तसा लावू नये. टाळेबंदीत समभाग पडले त्याच महिन्यात मागही थांबले होते आणि व्यापाऱ्यांचे येणेही अडकले होते. पगारदाराचा पगार चालू राहतो म्हणून तो पडत्या बाजारात घेऊ शकतो. आपल्याला आधी घरातील चूल आणि कारागिरांची मजुरी पाहावी लागते. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि मजुरी एवढी रोख बाजूला असेल, तरच त्यावरची रोख फंडात घालावी. जो स्वतः मजुरीवर माग चालवतो त्याच्यासाठी तर प्रमाणाआधी ही गंगाजळीच पहिली. ती भरेपर्यंत त्याने फंडाचा विचारही करू नये.

ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, तोही या खेळात आणू नये. हजचा इरादा असेल, मुलीचे लग्न असेल, मुलाच्या वैद्यकीय शिक्षणाची फी असेल आणि ते तीन वर्षांच्या आत असेल, तर ती रक्कम समभागांतून आधीच बाहेर काढून ठेवावी.

आणि एक इशारा. सोने किंवा समभाग विकून हातात रोख आली की कोणीतरी दारात येतोच. दरमहा अमुक टक्के हलाल नफा, असे तो सांगतो. टोपी असते, दाढी असते, एखाद्या फतव्याची प्रतही असते. बेंगळुरूच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी या पेढीत हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे गुंतले होते. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि तिचा चालक देश सोडून गेला. पुढच्या महिन्यात परत आल्यावर त्याला अटक झाली. पैसे मात्र बुडाले ते बुडाले. मुदारबत म्हणजे नफ्यात भागी आणि तोट्याची तयारी. जिथे दरमहा ठराविक नफ्याची हमी दिली जाते, तिथे एक तर व्याज आहे किंवा फसवणूक आहे, आणि बहुधा दोन्ही.

प्रमाण कधी बदलावे?

भाव बदलले म्हणून प्रमाण बदलू नये. आयुष्य बदलले तर बदलावे. तरुण कारागिराला फंडाचा हिस्सा मोठा चालतो, कारण त्याच्यापुढे वर्षे आहेत. साठीच्या माणसाला रोख आणि भाडे यांचा हिस्सा मोठा हवा. मुलाने धंदा सांभाळायला घेतला, कुणी आजारी पडले, कर्ज फिटले, अशा वेळी शांतपणे बसून नवे प्रमाण लिहावे. प्लॉट आणि शेतजमीन हिसाबात दाखवावी, पण या प्रमाणात मोजू नये, कारण समतोलासाठी प्लॉटमधला एक गुंठा विकता येत नाही.

इमाम अबू हनीफा हे कूफ्याचे कापड व्यापारी होते. फिक्हचा एवढा मोठा इमाम गादीवर बसून हिसाब ठेवत होता, हे आपल्या धंद्यातील माणसाला अभिमानाचे वाटावे आणि थोडे जबाबदारीचेही. यंदा जकातीचा हिसाब मांडाल तेव्हा चार ओळी जास्त लिहा : धंदा, फंड, सोने, रोख. प्रत्येकापुढे ठरवलेले प्रमाण आणि आजचे प्रमाण. कागदाची एक प्रत बायकोला आणि एक जाणत्या मुलाला द्या, म्हणजे आपल्या पश्चात वारसांना कुठे काय आहे हे शोधत फिरावे लागणार नाही. जकातीच्या बारीक मसल्यांसाठी, विशेषतः फंड आणि समभागांवरील जकातीबाबत आलिमांत मतभेद असल्याने, आपल्या मुफ्तींना विचारा. करासाठी हिशेबनिसाला विचारा. प्रमाण मात्र स्वतः ठरवा, कारण पुंजी आपली आहे आणि तिच्याबद्दल विचारणाही आपल्यालाच होणार आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि कमावलेले सांभाळण्याची समज देवो. आमीन.